घराचे काम आणि तान्हे बाळ
घराचे काम काढताना एक खोली बाळासाठी पूर्णपणे कामाबाहेर ठेवा आणि तिची रंगरंगोटी, करायचीच असेल तर, बाळाला तिथे हलवण्याच्या बऱ्याच आधी उरकून घ्या, कारण वास जाणवेनासा झाला तरी ताज्या रंगातून वाफा काही काळ निघत राहतात. खरी काळजी मात्र धुळीची घ्यायला हवी. जुन्या रंगात शिसे असू शकते; तो कोरडा घासला की अगदी बारीक धूळ उडून खिडकीच्या कठड्यावर आणि जमिनीवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागते आणि त्याच बोटांवाटे तोंडात जाते. बाळाच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, म्हणून जुना रंग तपासून घेतल्याशिवाय घासू देऊ नका. काम थांबल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा आणि फडके वरचेवर खळबळून घ्या. कामाच्या जागेतल्या चपला बाळाच्या खोलीत येता कामा नयेत; घरातल्या मोठ्यांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, तरी सांगत राहा. ड्रिल केव्हा चालणार हे कारागिरांना सकाळीच विचारा आणि बाळाच्या झोपेची वेळ त्यांच्या कानावर घाला. बहुतेक जण ती मनापासून सांभाळतात.