फ्लोमध्ये सिग्नल पडला म्हणजे ईजीएफआर संपला असं नाही

तुमची पोस्ट वाचली आणि खपली निघाली. हेपजी२ या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवर सेटक्सिमॅब-गॅलनॅक लायटॅक (नको असलेलं प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवणारा रेणू) टाकला, तासाभरात फ्लोमध्ये (पेशीवरचं प्रथिन रंगीत अँटिबॉडीने मोजणारी चाचणी) ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर जवळजवळ दिसेनासा झाला, वेस्टर्नवर (पेशी फोडून एकूण प्रथिन बघणारी चाचणी) मात्र त्याचा १७० किलोडाल्टनच्या आसपासचा बँड जसाच्या तसा. गाइड म्हणतात, वेस्टर्न नीट कर. माझं मत उलटं आहे. वेस्टर्न खरं बोलतोय. (तुमचा डेटा मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगतो.)

लायटॅक कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे: सेटक्सिमॅब ही अँटिबॉडी ईजीएफआरला धरते, तिला जोडलेली गॅलनॅक ही साखर यकृताच्या पेशीवरच्या एएसजीपीआर या रिसेप्टरला धरते, आणि सगळं आत लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या कचरा पचवणाऱ्या कप्प्याकडे जातं. एवढंच सांगा, फ्लोची अँटिबॉडी कोणत्या क्लोनची, म्हणजे नेमक्या कोणत्या वाणाची आहे? सेटक्सिमॅब म्हणजे उंदराच्या २२५ या अँटिबॉडीचंच बदललेलं रूप, आणि ते ईजीएफआरच्या बाहेरच्या भागातल्या तिसऱ्या डोमेनवर बसतं. तुमचा क्लोन २२५ किंवा त्याच जागेवर हक्क सांगणारा दुसरा असेल, तर लायटॅकने जागा आधीच अडवलीय. रिसेप्टर पेशीवरच आहे, फक्त तुमच्या रंगीत अँटिबॉडीला तो सापडत नाही.

हे तपासायला काहीही मागवावं लागत नाही. पेशी बर्फावर गार करा, ४ अंशांवर अर्धा तास लायटॅक ठेवा, धुवा, मग नेहमीसारखं रंगवा. त्या तापमानाला एंडोसायटोसिस (पेशीने बाहेरचं आत ओढून घेणं) जवळपास बंद असतं. तरीही सिग्नल पडला तर ते डिग्रेडेशन (प्रथिन नष्ट होणं) नाही, नुसतं झाकणं आहे. सोबत गॅलनॅक न लावलेल्या नुसत्या सेटक्सिमॅबचा कंट्रोल हवाच. ते एकटंसुद्धा थोडा ईजीएफआर आत ओढतं, त्यामुळे अनट्रीटेडशी तुलना करून काढलेले टक्के मला तरी पटत नाहीत.

आता मला सगळ्यात जास्त नडलेली गोष्ट, आणि ती बेंचवरची नाही. ईजीएफआरच्या पेशीच्या आतल्या सी-टर्मिनल टोकाला धरणाऱ्या, म्हणजे लायटॅकने न झाकल्या जाणाऱ्या अँटिबॉडीचा इंडेंट (खरेदीची मागणी) आम्ही टाकला. खरेदी विभागाने (संस्थेचं नाव लिहीत नाही) शेरा मारून परत पाठवला: 'याच नावाची वस्तू गतवर्षी खरेदी केलेली आहे, शिल्लक साठा वापरावा.' शिल्लक साठा म्हणजे तीच, झाकली जाणारी! समजावलं, तर जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) उपलब्ध नसल्याचा रिपोर्ट आणा. तो दिला, तर तीन कोटेशनं. तो क्लोन एकच कंपनी विकते म्हटल्यावर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट, आणि त्यावर सही करणारे साहेब रजेवर. इकडे लॅब मीटिंगला तेच फ्लोचे आलेख दाखवत बसलो. मार्च उलटला आणि त्या हेडचे पैसेही परत गेले. असो, बीपी वाढतं.

म्हणून इंडेंटवर 'अँटी-ईजीएफआर' असं मोघम लिहू नका. क्लोन, कॅटलॉग नंबर आणि 'पेशीच्या आतील टोकासाठी. साठ्यातील अँटिबॉडी बाहेरील भागाची असल्याने पर्याय ठरत नाही' हे वाक्य पहिल्याच कागदावर टाका. सगळीकडे चालेल याची हमी नाही.

वेस्टर्न तासाभरात नको, २४ आणि ४८ तासांना बघा. बॅफिलोमायसिन (लायसोसोमचं काम बंद पाडणारं रसायन) दिल्यावर घट थांबली पाहिजे. थांबली नाही तर पेपरात लायसोसोमचं नाव घेऊ नका. आणि लायटॅक लावताना बफरमध्ये कॅल्शियम अडकवून ठेवणारं ईडीटीए नको, एएसजीपीआरला गॅलनॅक धरायला कॅल्शियम लागतं.

तुम्ही एम६पीवाल्या (गॅलनॅकऐवजी मॅनोज-६-फॉस्फेट ही साखर वापरणाऱ्या), २०२०च्या मूळ लायटॅककडे वळू का असंही विचारलंय. घाई करू नका. तो बनवणाऱ्या बर्टोझींच्याच गटाने २०२३ मध्ये दाखवलं की पेशीची स्वतःची एम६पी असलेली ग्लायकोप्रोटीन्स (साखर जोडलेली प्रथिनं) एम६पी धरणाऱ्या रिसेप्टरवर आधीच बसलेली असतात. यकृताच्या पेशींसाठी गॅलनॅकच बरा. गिव्होसिरान, इन्क्लिसिरान ही औषधं त्याच वाटेने यकृतात शिरतात.

४ अंशांचा निकाल क्लोनच्या नावासकट इथे टाका. सिग्नल पडला नाही तर माझा अंदाज चुकला, मग कॉन्जुगेटकडे (सेटक्सिमॅब-गॅलनॅकच्या जोडणीकडे) बघू.