आई-बाबांना घेऊन अंदमानला जाताना

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महिनाभरासाठी पुण्याला येतोय. मुलगी चौदा वर्षांची आहे, मुलगा नऊ. आई-बाबा कोथरूडला असतात. बाबांना शहात्तरावं चालू आहे आणि डावा गुडघा त्रास देतो. सगळ्यांनी मिळून सहा-सात दिवस एखाद्या बेटावर जावं, समुद्रही व्हावा आणि थोडं फिरणंही व्हावं, असं मनात आहे. बाबा अंदमान म्हणतात. आई म्हणते, ‘कशाला एवढा खर्च, तुम्ही आलात तेच खूप.’ बायकोला मालदीव सोपं वाटतं. एका ट्रॅव्हल कंपनीने पाच रात्रींत पाच बेटं दाखवायचा कार्यक्रम पाठवलाय. आम्ही चौघं ऑस्ट्रेलियन नागरिक, ओसीआय कार्डं (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारी) आहेत. काय करावं?

उत्तर : अंदमानलाच जा. मालदीव सुंदर आहे, पण तिथे एका रिसॉर्टचं एकच बेट असतं. मुलं पाण्यात रमतील आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात एकटे बसतील. शिवाय बाबांनी ठिकाणाचं नाव स्वतःहून घेतलंय. पुण्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला अंदमान म्हटलं की आधी किनारा आठवत नाही, सावरकर आठवतात. तिथे एकदा जायचं हे त्यांनी बहुतेक कितीतरी वर्षं मनात धरलं असेल आणि कुणाला सांगितलं नसेल.

आईंचं ‘कशाला एवढा खर्च’ अगदी शब्दशः घेऊ नका. पैशाची काळजी त्यात असेलच, पण आमच्या पिढीतल्या बायका नको म्हणतात तेव्हा मागे बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. सहा दिवस घर बंद ठेवायचं तर कुंड्यांना पाणी कोण घालणार, बोटीत स्वच्छतागृह असतं का, बाबांना जेवण मानवेल का, आणि नऊ वर्षांच्या नातवाला पाण्याजवळ कोण बघणार! व्हिडिओ कॉलवर ‘आई, कुठे जायचं?’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. ‘सहा दिवस घर बंद ठेवायला काय काय अडचण आहे?’ असं विचारा, मग त्या सगळं सांगतील.

आता त्या पाच बेटांच्या कार्यक्रमाविषयी. तो घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. सहा वर्षांपूर्वी आमच्या लेकीने आम्हा दोघांना मोठ्या हौसेने एका बेटावर नेलं होतं. कार्यक्रम असाच भरगच्च होता, रोज नवं हॉटेल, रोज सकाळी बॅगा भरायच्या. तिसऱ्या दिवशी माझे यजमान गाडीतून उतरलेच नाहीत. ‘तुम्ही बघून या, मी बसतो,’ म्हणाले. त्यांच्याजवळ मी थांबले. समुद्र दोनशे पावलांवर होता आणि आम्ही दोघं तीन तास गाडीत बसून होतो. लेक परत आली तेव्हा तिचा चेहरा बघवेना. चूक तिची नव्हती, पण प्रत्येक नवं बेट म्हणजे सामान, रांग, धक्क्यावरची चाल आणि हलत्या बोटीत चढणं-उतरणं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून एकच बेट निवडा आणि तिथे तीन रात्री एकाच खोलीत राहा. माझ्या मते ते हॅवलॉक असावं. २०१८ मध्ये त्याचं नाव स्वराज द्वीप झालं, तरी लोक अजून हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून कागदोपत्री श्री विजय पुरम आहे, तेव्हा तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग तीन हॅवलॉक आणि शेवटची एक पुन्हा पोर्ट ब्लेअर. ही शेवटची रात्र कुणी कितीही सांगितलं तरी गाळू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन त्याच दुपारचं विमान पकडायचं ठरवलंत तर सगळी सहल एका वाऱ्यावर टांगलेली राहते. नील बेट लहान, शांत आणि छान आहे, पण या खेपेला राहू द्या.

जायचं कधी? नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात मुळीच नको. तेव्हा खोल्या महाग असतात आणि बोटी भरलेल्या. ३ किंवा ४ जानेवारीला निघा. हवा कोरडी असते, समुद्र बहुधा शांत असतो. पुण्याहून चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं. दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा आणि बाबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. ते ‘मला नको’ म्हणतील, तरी नोंदवा. विमानतळावर चालण्यात गुडघा दमला तर पुढचे दोन दिवस त्याचा त्रास होतो.

तिकिटाआधी एक काम मात्र पक्कं करा. ओसीआय कार्ड असलं की भारतात सगळीकडे मोकळं फिरता येतं असा आपल्या लोकांचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रांत जायला ओसीआय कार्डधारकांना परवानगी लागते, आणि अंदमान-निकोबार प्रतिबंधित क्षेत्रांच्या यादीत आहे. पर्यटकांसाठी काही बेटांना वेळोवेळी सवलत दिली जाते, ती बदलतेही. म्हणून तिथल्या प्रशासनाच्या आणि गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या महिन्याचा नियम वाचा आणि मगच पैसे भरा. चौघांचे पासपोर्ट, ओसीआय कार्डं आणि हॉटेलच्या नोंदणीच्या छापील प्रती वेगळ्या पाकिटात ठेवा. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा फोनमधल्या प्रतींवर विसंबू नका.

घड्याळ भारताचंच असलं तरी सूर्य तिथे वेगळा चालतो. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे. जानेवारीत तिथे पावणेसहाच्या आत सूर्य वर येतो आणि सव्वापाचच्या सुमारास बुडतो. आपल्याकडे तेव्हा सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि मावळतो सव्वासहाला. पुण्याच्या सवयीने दुपारी झोपून, पाचला चहा घेऊन किनाऱ्यावर निघालात तर पोहोचेपर्यंत अंधार झालेला असेल. म्हणून सगळा दिवस दीड तास आधी सरकवा. सहाला चहा, साडेनऊपर्यंत पाणी, भर उन्हात खोली आणि साडेतीनला पुन्हा बाहेर. मेलबर्नहून आलेली तुमची मुलं पहाटेच जागी होत असतील आणि बाबाही, म्हणजे सकाळचा किनारा आजोबा आणि नातवंडांचाच.

सेल्युलर जेलला पहिल्याच दिवशी घाईघाईने जाऊ नका. आधी एक रात्र झोप होऊ द्या. हा तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात रांगा निघत होत्या, आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून इथेच होते. नारळाचं तेल काढण्यासाठी कैद्यांना कोलूला जुंपत आणि रोज ३० पौंड तेल मागत, हे मुलीला त्या कोलूसमोर उभं करूनच सांगा.

एक गोष्ट बाबांशी आधीच बोला. सावरकरांची कोठडी सगळ्यांत वरच्या मजल्यावर, रांगेच्या टोकाला आहे. जिने चढावे लागतात आणि मग लांब व्हरांडा चालावा लागतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या बाबा शेवटच्या कधी चढले? तुम्ही पुण्यात पोहोचलात की एका सकाळी त्यांच्याबरोबर पर्वती गाठा. अर्ध्यात थांबले तरी हरकत नाही, गुडघा किती चालतो ते त्यांनाही कळेल आणि तुम्हालाही. जेलमध्ये तेच प्रमाण धरा. सकाळी दार उघडताच आत जा, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटं बसा, आणि वर पोहोचल्यावर त्यांना त्या कोठडीत थोडा वेळ एकटं राहू द्या. फोटो नंतर काढता येतील. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मुलांना नक्की दाखवा. तो हिंदीत असतो आणि इंग्रजीतही. मुलांना कुठल्या भाषेत नीट कळेल ते बघून दिवस निवडा.

आणि जाण्याआधी पुण्यातच एक फेरी मारा. बाबांना सांगा की नातवंडांना फर्ग्युसन दाखवा, जिथल्या वसतिगृहात सावरकर राहिले. तिथून कर्वे रस्त्यावरच्या स्मारकाकडे जा. १९०५ मध्ये परदेशी कपड्यांची होळी झाली ती याच भागात. रिक्षाने गेलात तर सगळं मिळून दोन तास. हे आजोबांच्या तोंडून ऐकलेली मुलं जेलमध्ये वेगळ्या डोळ्यांनी उभी राहतील. मी हे माझ्या नातीच्या बाबतीत पाहिलंय.

पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, बाबांना झेपेल. बोट थोडाच वेळ असते आणि बेटावर बॅटरीवरच्या गाड्या आहेत. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी कवटाळलंय, मधून हरणं फिरतात. आईंना हे बहुतेक सगळ्यांत जास्त आवडेल.

बाराटांगच्या गुहांची सहल मात्र कुणी गळ्यात मारली तरी नको म्हणा. पहाटे तीन-चारला उठून तासन् तास गाडीत बसायचं, हे गुडघ्याला सोसणार नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. त्यांचे फोटो काढायला, त्यांच्याजवळ थांबायला कायद्याने बंदी आहे, तरी माणसं काचेतून त्यांना शोधत बसतात. दुसऱ्याच्या घरातून असं डोकावत जाणं नातवंडांना दाखवू नये.

हॅवलॉकला राधानगर किनारा पश्चिमेला आहे, वाळू मऊ आणि लांबच लांब. सूर्यास्त तिथूनच बघा. बरीचशी हॉटेलं मात्र पूर्वेच्या किनाऱ्यावर आहेत. तिथे ओहोटीला पाणी दूर जातं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, तेव्हा ‘समोर समुद्र’ वाचून खोली घेतली की दिवसभर पोहता येईल असं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते आणि ओहोटीही तितकीच दूर जाते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक कमी असतो. हॉटेलवाल्याला रोजच्या वेळा विचारा. खोली तळमजल्याची आणि कमोडची, हे दोन्ही लेखी मागून घ्या.

मुलीला डायव्हिंग करता येईल. मुलाला नाही, त्याला किमान दहा वर्षं पूर्ण लागतात, हे त्याला मेलबर्नमध्येच सांगून टाका म्हणजे तिथे रडारड होणार नाही. काचेच्या तळाच्या बोटीतून किंवा स्नॉर्केलिंग करून त्याला मासे दिसतील. डायव्हिंगनंतर चोवीस तास विमानात बसू नये, इथेही ती शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र उपयोगी पडते. अंदमानच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे पाटी लावलीय तिथे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, जीवरक्षक सांगेल ते ऐकायचं. शंख आणि प्रवाळाचे तुकडे खिशात घालू देऊ नका. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

जेवणाची आईंना धास्ती असेल. हॅवलॉकमध्ये पूर्व बंगालमधून येऊन वसलेली कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे भात, डाळ, भाजी कुठेही मिळते, मासे तर उत्तमच. तरी आई मेतकूट, तूप आणि दशम्या घेणारच, घेऊ द्या. बोट लागू नये म्हणून आलेपाक बरोबर असू द्या आणि गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, बाबांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते का ते. बाबांची औषधं दुप्पट दिवसांची आणि हातातल्या पिशवीत. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, हॅवलॉकला सोयी मर्यादित आहेत. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर बाबांना काहीतरी देऊ द्या. सगळं मुलाने भरलं की आमच्या वयाच्या माणसाला चहा मागायलाही संकोच वाटतो. बोटीची तिकिटं किंवा एका दिवसाची गाडी त्यांच्याकडे सोपवा, आणि त्यांनी भरले की परत करू नका.

१२ जानेवारीच्या आत पुण्याला परत या. १४-१५ तारखेला संक्रांत असते. आईंना गुळाचं सारण करायला एक पूर्ण दिवस लागतो, आणि तुमच्या मुलीने गुळपोळी लाटलेली नसेल.