ओप्राच्या नावाने पाटी रंगवण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी
जानेवारी २०१८

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

७ तारखेला सिनेमा-टीव्हीच्या गोल्डन ग्लोब पुरस्कारांच्या मंचावर ओप्रा विन्फ्रींचं भाषण झालं आणि लगेच तुझा मेसेज आला, ‘मावशी, २०२० ला हीच राष्ट्राध्यक्ष हवी!’ तिच्यासाठी आत्तापासून काम करायचं म्हणतेस. तुझा आनंद मला कळतो गं. १९८६ मध्ये तिचा टीव्हीवरचा मुलाखतींचा कार्यक्रम देशभर दिसू लागला तेव्हा मी इथे नवखी होते. बाळाला थोपटता थोपटता तिच्याकडून इंग्रजी शिकले. माझं तिच्यावर प्रेम आहे, तरीही माझं उत्तर ‘नको’ असं आहे, कारण तिला राजकारणाचा अनुभव नाही.

तेच भाषण पुन्हा ऐक. त्यात रीसी टेलरची गोष्ट आहे. १९४४ मध्ये अलाबामात तिच्यावर गोऱ्या पुरुषांनी अत्याचार केला आणि चौकशीसाठी मॉन्टगोमेरीहून एक कार्यकर्ती गेली, रोझा पार्क्स. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला तिने नकार दिला, त्या प्रसिद्ध प्रसंगाला तेव्हा अकरा वर्षं अवकाश होता. त्या बाईला कोणी ओळखत नव्हतं. जबान्या लिहून घ्यायच्या, पत्रं पाठवायची, समित्या उभ्या करायच्या, आणि एवढं करून आरोपींना शिक्षा झालीच नाही. तरी ती पुढच्या कामाला लागली. राजकारणाचा अनुभव म्हणते मी, तो हा.

राष्ट्राध्यक्षाला सुमारे चार हजार नेमणुका कराव्या लागतात. त्यांतल्या बाराशेच्या आसपास माणसांना सिनेटची मंजुरी लागते. कोणता तज्ज्ञ खरा, कोण नुसतं गोड बोलतं, हे रोज पारखावं लागतं. इथेच मला ओप्राची काळजी वाटते. २००७ मध्ये तिने जेनी मॅकार्थी या अभिनेत्रीला बोलावलं होतं. लसीमुळे मुलाला ऑटिझम झाला, असं ती आई कळवळून सांगत होती. विज्ञान तसं म्हणत नाही, पण स्टुडिओत आईच्या डोळ्यांपुढे विज्ञानाचं काय चालणार! समोरच्याचं दुःख मनापासून ऐकून घेणं हाच ओप्राचा मोठा गुण. कित्येक आयांच्या मनात लसीची भीती बसली असेल, ती त्याच गुणापायी.

तू रेगन यांचं नाव काढशील, तेही आधी सिनेनट होते आणि मग राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची धोरणं मला कधी पटली नाहीत, पण ते पडद्यावरून थेट व्हाइट हाउसमध्ये गेले नव्हते. १९६० मध्ये नटांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्टुडिओंविरुद्ध संप केला. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या नव्या चित्रपटांचा मोबदला मिळवला, जुन्यांच्या हक्कावर पाणी सोडलं आणि त्याबदल्यात पेन्शन व आरोग्य निधीसाठी रक्कम पदरात पाडून घेतली. जुने नट संतापले. आपल्याच माणसांचा राग झेलून तडजोडीवर सही करणं ते तिथे शिकले. मग आठ वर्षं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर, १९७६ मध्ये पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत हार, आणि त्यानंतर १९८० ची निवडणूक.

उलट मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात पाहा. ‘ना भ्रष्ट, ना चोर’ म्हणत विनोदी नट जिमी मोरालेस २०१५ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. गेल्या ऑगस्टमध्ये भ्रष्टाचार तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्यांच्याच प्रचारखर्चाकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी आयोगाच्या प्रमुखालाच देश सोडायला सांगितलं. कोर्टाने अडवलं म्हणून बरं. चेहरा ओळखीचा असला की माणूसही ओळखीचा वाटतो आणि जे प्रश्न अनोळखी उमेदवाराला विचारले असते ते विचारायचे राहून जातात.

‘ट्रम्प चालतात, मग ओप्रा का नाही?’ असं तू लिहिलंस. राजकारणाचा, सरकारी कामाचा किंवा लष्कराचा, कसलाच अनुभव नसताना त्या खुर्चीत बसलेले ते पहिलेच. गेलं वर्षभर तू माझ्याशी फोनवर याच गोष्टीसाठी भांडते आहेस. मग आपल्याला आवडणाऱ्या माणसासाठी तीच मुभा कशी मागायची? ओप्राला यायचंच असेल तर तिने आधी गव्हर्नरपद लढवावं, चार वर्षं बजेट सांभाळावं. मी स्वतः तिच्यासाठी दारोदार फिरेन.

तोवर तुझा जोर वाया घालवू नकोस. ६ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक आहे. तुझ्या मतदारसंघात कोण उभं आहे, ते तुला माहीत आहे का? शनिवारी सकाळी दहाला लायब्ररीत ये, मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घ्यायचे आहेत. नंतर गल्ल्यांतून हिंडायचंय, तेव्हा जाड मोजे घाल. डबा मी आणते.

तुझी,
मावशी