मिळकतकराच्या बिलात बससाठी वेगळी ओळ का हवी

पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीची तूट भागवण्यासाठी मिळकतकरात बस-उपकर लावला, तर कधीही बसने न जाणाऱ्या माणसाने तो का भरावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो माणूस आजही पैसे देतोच आहे, फक्त त्याच्या बिलावर तसे लिहिलेले नाही. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या वेगवेगळ्या बससेवांचे विलीनीकरण होऊन पीएमपी झाली; तेव्हापासूनच्या व्यवस्थेत संचलनातील तुटीचा ६० टक्के भार पुणे महापालिका आणि ४० टक्के भार पिंपरी-चिंचवड महापालिका उचलते. जकात आणि पाठोपाठ एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर महापालिकांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार मिळकतकरच राहिला आहे.

खरी अडचण वेळेची आहे. तूट आधी होते, मग तिचा हिशेब होतो आणि पैसे अंदाजपत्रकाच्या सोयीने येतात. मार्च २०२३ मध्ये पीएमपीसाठी बस चालवणाऱ्या खासगी ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी शेकडो बस उभ्या केल्या, तेव्हा ऐन कामाच्या वेळी लोक थांब्यांवर ताटकळले. उपकराची रक्कम स्वतंत्र खात्यात, दरमहा जमा झाली, तर ठेकेदाराचे बिल आणि चालकाचा पगार कोणाच्या मर्जीवर राहणार नाही. कॅनडातील व्हँकूवरमध्ये ट्रान्सलिंक या परिवहन संस्थेचा वाटा मालमत्ता कराच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवला जातो.

आता न्यायाचा प्रश्न. सकाळी साडेसहाच्या बसमध्ये डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायका पाहा. त्यांतली एक धायरीहून कोथरूडला तीन घरची भांडी आणि पोळ्या करायला निघालेली असते, दुसरी रुग्णालयात आयाचे काम करते. बस आली नाही, तर त्यांचा खाडा होतोच, पण ज्या घरातून मोटार निघते त्या घराचीही सकाळ विस्कटते. दुकानाला गिऱ्हाईक, कार्यालयाला माणसे आणि सदनिकेला भाडेकरू मिळण्यात बसचा वाटा असतो. त्या लाभाचा थोडा अंश मिळकतीकडून परत घेण्यात मला अन्याय दिसत नाही.

मात्र सर्वांना सरसकट सारखी रक्कम लावण्यास माझा ठाम विरोध आहे; गावठाणातल्या दोन खोल्या आणि मॉल यांना एक माप लावता येणार नाही. करपात्र मूल्यावर टक्केवारी लावली, तरी एकाच रस्त्यावर जुन्या इमारतीला जुन्या दराने कमी आणि नव्या इमारतीला कितीतरी जास्त कर असतो, ही विषमता उपकरातही उतरेल. शिवाय स्वतः राहत असलेल्या घरांची ४० टक्के सवलत काढल्यावर पुणेकर किती संतापले आणि ती २०२३ मध्ये कशी परत द्यावी लागली, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून सुरुवात बिगरनिवासी मिळकतींपासून व्हावी.

तरीही एक भोक राहतेच. हिंजवडीच्या आयटी पार्कला बस जातात, पण ते दोन्ही महापालिकांच्या हद्दीबाहेर आहे. तिथल्या इमारतींकडून हा उपकर कोणी आणि कोणत्या कायद्याखाली घ्यायचा, हे राज्य सरकारने आधी ठरवावे लागेल.