जिंकूनही तो का रडला?

ताई, नमस्कार.

तुमचं कराडहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावीला, कला शाखेत. गोष्टी लिहिते, आता गेम डिझायनर व्हायचं म्हणते. तिच्या बाबांच्या मते गेम म्हणजे जुगार. शेवटी तुम्ही तक्रार केली आहे, की अभ्यास सोडून तिनं कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर ऊसतोडीचा खेळ आखला आणि धाकटा चुलतभाऊ तो जिंकूनही रडत बसला.

मी त्या तक्रारीपाशीच अडकलो. तिच्या खेळात मुकादमाची उचल, म्हणजे त्याच्याकडून आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची. पोराला सोबत फडावर नेलं तर ती लवकर फिटते, पण शाळेची चिठ्ठी परत द्यावी लागते. भावानं चिठ्ठी दिली, उचल फेडली, जिंकला. मग त्या चिठ्ठीकडे बघून रडला. कुणी त्याला उपदेश केला नव्हता. चिठ्ठी त्यानं स्वतःच्या हातानं दिली होती, म्हणून ती लागली. ताई, गेममधली गोष्ट अशी नियमांत असते, आणि तुमच्या मुलीला ते कुणी न शिकवता उमगलं आहे!

२०१३ साली आलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या गेममध्ये आपण सीमेवरचे तपासनीस असतो. जितकी माणसं तपासू तितका पगार, आणि घरी बायकापोरं थंडीत. एक माणूस कागद दाखवून आत जातो, जाताना सांगतो, मागून बायको येतेय. तिच्याकडे परवानाच नसतो. सोडलं तर आपल्या नावावर ठपका, चुका साठत गेल्या की पगारातून दंड. लुकास पोप या एका माणसानं हा गेम बनवला.

बाबांची भीती मी समजू शकतो. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे, आणि मुलीचं काम त्या वाटेचं नाहीच. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये आपल्या पुराणकथांवरचा ‘राजी’ हा गेम जगभर पोहोचवला.

आता वाट. बारावीच्या वर्षी तिला यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देता येईल; कुठलीही शाखा चालते. जानेवारीत परीक्षा, पेपर इंग्रजीत, चित्रकलेचा भागही असतो. त्यातून आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला प्रवेश मिळतो. डिजिटल गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात आहे. जागा थोड्या असतात, म्हणून साध्या पदवीचा पर्याय हाताशी ठेवाच. शंभर टक्के नोकरीची हमी देऊन लाखांची फी मागणाऱ्या खासगी संस्थेत आधी मुलांनी बनवलेले गेम बघायला मागा. दाखवले नाहीत तर परत फिरा.

नुसत्या कथालेखनाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे तिला आजच सांगा. बरेच जण टेस्टिंगपासून, म्हणजे गेम खेळून चुका शोधण्यापासून, किंवा लेव्हल डिझाइनपासून, म्हणजे गेमचे टप्पे आखण्यापासून, सुरुवात करतात. शाळांसाठी ई-लर्निंगचे धडे आणि खेळ बनवणाऱ्या कंपन्यांतही अशी माणसं लागतात. थोडं कोडिंग शिकावंच लागेल. गोडो आणि ट्वाइन ही गेम बनवायची दोन्ही साधनं फुकट आहेत. ट्वाइनमध्ये तर कोडिंग न येताही ती या सुट्टीत एक गोष्ट खेळती करू शकेल.

तो कॅलेंडरचा कागद रद्दीत घालू नका. येत्या रविवारी तिच्या बाबांना तो डाव खेळायला बसवा. तिला सांगा, मध्ये बोलायचं नाही. बाबा कुठे अडतात, कुठे कंटाळतात, चिठ्ठी देताना हात थांबतो का, ते वहीत टिपून ठेव. मग मला कळवा.