शंभराचे एकशे एक आणि एक सुका

प्रश्न : माझे वडील १९६७ च्या महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या दर्शनाला गेले होते. गेल्या महिन्यात शनिवार पेठेतलं जुनं घर आवरताना त्यांची डायरी हाती लागली. सरहद्दीपलीकडच्या वीरगंज या नेपाळी गावाच्या पानावर लिहिलंय : ‘१०० रु. मोडले. १०१ रु. व १ सुका मिळाला. पुण्यात १६० सांगितले होते. फसलो.’ ते पान धरून मी कितीतरी वेळ बसून राहिले. नेपाळचा विषय निघाला की ते गप्प का व्हायचे, ते आता कळलं. आमच्या सोसायटीचे राखणदार दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) पश्चिम नेपाळातल्या अछामचे. ते सांगतात, शंभराला १६० हा दर ते लहान असल्यापासून तोच आहे. मग वडिलांना खरंच कुणी लुबाडलं का? डॉलर रोज वर-खाली होतो, तसा हा दर का होत नाही? आणि सुका म्हणजे काय?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनातली गोष्ट. तुमचे वडील फसले नव्हते. त्यांना पैसा न् पैसा चोख मिळाला होता.

पुण्यात ज्यांनी १६० सांगितले, तेही खोटं बोलले नव्हते. नेपाळ राष्ट्र बँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, १९६० साली शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये असा दर बांधून दिला होता. त्याआधी नेपाळच्या बाजारात आपला रुपया सर्रास चालायचा, तिथली जुनी माणसं त्याला ‘कंपनी’ म्हणायची, आणि भाव गावागणिक वेगळा असायचा. ते सांगणारे गृहस्थ बहुधा १९६६ च्या जूनआधी जाऊन आले असावेत.

कारण ६ जून १९६६ ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता, तो साडेसात रुपयांना झाला. नेपाळने मात्र आपला रुपया खाली आणला नाही. आता पाटी घेऊन बसा. आधीचे ४.७६ गुणिले १.६ म्हणजे ७.६२ नेपाळी रुपयांना एक डॉलर. नंतर शंभराला १०१.२५ असा दर झाला, म्हणजे ७.५० गुणिले १.०१२५, उत्तर ७.५९. डॉलरच्या हिशेबात नेपाळी रुपया होता तिथेच होता. घसरला होता आपला. वडिलांच्या खिशातल्या शंभराच्या नोटेची किंमत दिल्लीतच उतरली होती, वीरगंजच्या माणसाने त्यात काही केलं नव्हतं.

आता सुका. नेपाळमध्ये पन्नास पैशांना मोहर म्हणतात आणि पंचवीस पैशांना सुका. १०१ रुपये आणि एक सुका म्हणजे बरोबर १०१.२५. लुबाडणारा माणूस वरचे पंचवीस पैसे मोजून हातावर ठेवत नाही हो.

तो दर जेमतेम दीड वर्ष टिकला. डिसेंबर १९६७ मध्ये नेपाळनेही अवमूल्यन केलं आणि शंभराला १३५ झाले. पुढे १३९, १४५, १९८५ मध्ये १६८, १९९१ मध्ये १६५. मग फेब्रुवारी १९९३ मध्ये पुन्हा १६०, आणि तेव्हापासून तो हललेला नाही. दाजूंचं म्हणणं खरं आहे, त्यांच्या आयुष्यापुरतं.

तो हलत नाही, कारण नेपाळ तो हलू देत नाही. दोन देशांमधली सरहद्द १७०० किलोमीटरहून लांब, तीही उघडी, पासपोर्ट-व्हिसाशिवाय ये-जा. नेपाळचा निम्म्याहून जास्त व्यापार भारताशी. तिथे दर रोज हलला तर इकडून जाणाऱ्या मिठा-डाळीचा भाव रोज हलेल. म्हणून नेपाळ राष्ट्र बँक स्वतःकडचे डॉलर विकून भारतीय रुपये घेते आणि मागेल त्याला ठरल्या दराने पुरवते. हा भार रिझर्व्ह बँक उचलत नाही, नेपाळ उचलतो. आपला रुपया डॉलरपुढे घसरला की त्यांचाही तेवढाच घसरतो. आपल्याकडे डॉलर ८० चा, तर तिथे १२८ चा.

लक्ष्मी रोडवरच्या एका बँकेत मी तीस वर्षं काउंटरवर काढली. दसऱ्याआधी नेपाळी आचारी, राखणदार यायचे, त्यांच्या दशैंला गावी निघालेले. वर्षाची बचत काढून नोटा मोजून घ्यायचे, आणि त्यातला एकजण दरवर्षी बंडीच्या आत शिवलेला कापडी खिसा तिथेच उसवून, नोटा भरून, सुईदोऱ्याने पुन्हा टाके घालायचा. तीन दिवसांचा प्रवास, आणि वाटेत कुणी तो खिसा कापला तर वर्ष गेलं. मला त्यांची फार काळजी वाटायची. म्हणून दाजूंना माझा निरोप द्या : रोख नेऊ नका. २००८ पासून रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ पैसे पाठवण्याची योजना आहे, इथल्या बँकेतून एनईएफटीने पैसे तिथे पोचतात. शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नेपाळचे नियमही अनेकदा बदलले आहेत, खिशात पाचशेच्या असतील तर निघण्याआधी विचारून घ्यावं.

आणि ताई, त्या पानावर ‘फसलो’ च्या शेजारी पेन्सिलीने १०१.२५ लिहून ठेवा.