क्लिक बंद कर

पोरी,

आधी ती क्लिक बंद कर, मग पुढचं वाच.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकल्यापासून डोकं फिरलंय, तुझ्यावर नाही, म्हणजे थोडं तुझ्यावरच. तात्यांना राजारामपुरीतल्या त्या तुझ्या फोम चिकटवलेल्या खोलीत बसवलंस, कानाला हेडफोन लावलास, त्यात क्लिक, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांची टिकटिक सोडलीस आणि म्हणालीस, वाजवा. ज्या माणसानं सगळी हयात मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंत टेम्पोच्या हौद्यात बेंजो वाजवत, पुढं पोरं कशी नाचतायत ते बघून लय चढवली-उतरवली, त्याला तू भिंतीकडं तोंड करून मशीनच्या मागं पळायला लावलंस. मग अडखळणार नाहीत तर काय होणार. नखी खाली ठेवली, "आता न्हाई जमत गं" म्हणाले आणि बेंजो पेटीत घातला. आणि तू मला विचारतीस, काका, क्वांटाइझ करू, म्हणजे चुकलेले ठोके मशीननं मापात बसवू, का तुकडे कापून सॅम्पल म्हणून वापरू, का हा विषयच सोडून देऊ.

तिन्ही नको.

तू त्यांच्यामुळं यात आलीस, गॅलरीत उभी राहून त्यांचा बेंजो ऐकत मोठी झालीस, हे सगळं मला माहितीय, ते परत सांगू नको. आदर आहे, माया आहे, कबूल. पण स्टुडिओत एकच गोष्ट ठरवायची असते, कोण कुणाच्या मागनं जाणार. तू त्यांच्या मागनं जायचंस. म्हाताऱ्या माणसाला घेऊन रंकाळ्यावर फिरायला गेलीस तर तू पुढं पळून त्याला "चला की लवकर" म्हणतीस का? नाही ना, आपोआप पाय हळू पडतो. मग हेडफोन लावला की अक्कल कुठं जाते?

जॉन ली हूकर, अमेरिकेतला ब्लूज गाणारा, ऐकला नसशील. 1948 साली डेट्रॉइटला त्याची पहिली रेकॉर्ड झाली, एकटा माणूस, एक गिटार आणि त्याचा पाय. रेकॉर्ड करणाऱ्यानं काय केलं, तर पायाखाली लाकडाची फळी टाकली आणि पायाच्या ठोक्याला माईक लावला. म्हणजे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पाय आपटू नका हो आवाज येतोय, यानं तोच आवाज धरला. आणि तू? तू मला अभिमानानं सांगतीस की बेंजोच्या कळांची खटखट डीनॉइज करून काढली. अगं ती खटखट म्हणजेच बेंजो आहे! टाईपरायटरसारख्या कळा बसवलेलं वाद्य ते, 1912 ला जपानात नागोयात एकानं काढलं, तिथनं फिरत फिरत बुलबुल तरंग होऊन आपल्याकडं आलं आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून, भोंग्याला जोडून वरातीत नेलं. खटखट काढलीस तर खाली उरलं काय, तुझ्या सिंथमधला एक प्रीसेट. तो तर तुझ्याकडं आहेच, त्याला तात्या कशाला पाहिजेत.

हूकरचं अजून ऐक. ब्लूजचा ठरलेला हिशोब बारा बारचा असतो, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा. या माणसाला तो हिशोब कधी पटलाच नाही, मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलणार, कधी अर्धा बार खाणार, कधी दीड जास्त. साथीला बसलेले भलेभले उताणे पडायचे. 1970 ला कॅन्ड हीट म्हणून एक बँड होता, त्याचंच ऐकून वाढलेली पोरं, तोवर वूडस्टॉकला वाजवून आलेली, नावारूपाला आलेली. त्यांनी त्याला घेऊन डबल अल्बम केला, तो 1971 ला आला. रचना बघ, आधी हूकर एकटा, मग त्यातला अ‍ॅलन विल्सन साथीला, आणि बँड सगळ्यात शेवटी. विल्सन माऊथ ऑर्गन घेऊन कसा त्याच्या मागनं जातो ते ऐक, हूकर वळला की हा वळतो, हूकर थांबला की हा थांबतो, एकदासुद्धा "अहो बारा पुरे करा" म्हणत नाही. रेकॉर्ड बाजारात यायच्या आधीच तो पोरगा गेला, सत्तावीस वर्षांचा. पण साथ कशी करायची ते दाखवून गेला. तिथं कुठं क्लिक होती?

तुझा तो पुण्याचा मित्र म्हणतो बेंजो "फ्लेवरपुरता" ठेव, त्या गिटारवाल्या सांतानानं नाही का नवीन पोरांना घेऊन 1999 ला अल्बम केला आणि त्यावर ढीगभर ग्रॅमी मारले. त्याला म्हणावं आधी नीट ऐक. त्या अल्बममध्ये गाणारे बदलतात, बीट बदलतं, पण गिटारचा टोन कुणी हलवलाय का? एक सूर वाजला की कळतं कोण आहे. आणि त्याच्या दहा वर्षं आधी, 1989 ला, हाच सांताना हूकरच्या अल्बममध्ये पाहुणा म्हणून बसला होता, बॉनी रेट होती, रॉबर्ट क्रे होता, सगळे त्या म्हाताऱ्यापुढं धाकटे. जो आधी दुसऱ्याच्या मागनं चाललाय त्याला पुढं आपल्या मागनं कसं चालवून घ्यायचं हे कळतं. तुझा मित्र अजून कुणाच्याच मागनं चाललेला नाही, त्याचा फक्त लॅपटॉप नवा आहे. असो. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, तुझा मित्र आहे.

याच्या उलटं काय होतं तेही सांगतो. मडी वॉटर्स, हाही ब्लूजवाला. 1968 ला कंपनीला वाटलं रॉकची पोरं गिऱ्हाईक म्हणून पाहिजेत, म्हणून त्याचा नेहमीचा साउंड बाजूला ठेवून गिटारचे फझ, वाहवाह असले इफेक्ट, सायकेडेलिक सगळा मसाला ओतला आणि वर त्याचा आवाज चिकटवला. सुरुवातीला खप झाला, पण त्याला स्वतःला ती रेकॉर्ड आवडली नव्हती. (आजकाल हिपहॉपवाले तिला डोक्यावर घेतात, मला माहितीय, घेऊ देत. माझं मत बदलत नाही.) मग 1977 उजाडलं, मडी साठी ओलांडलेला, आणि जॉनी विंटर नावाचा, त्याच्यावरच पोसलेला गिटारिस्ट प्रोड्यूसर म्हणून आला. विंटर स्वतः स्टार होता, त्याला सोलो झाडायला कोण अडवणार होतं? पण त्यानं मडीचे घरचे वादक घेतले, जेम्स कॉटनला माऊथ ऑर्गनला बोलावलं, सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि वाजवा म्हणाला. हार्ड अगेन त्या अल्बमचं नाव. पहिलंच गाणं लाव, मडी गातोय आणि मागनं कुणीतरी खुशीत ओरडतंय ना, तो प्रोड्यूसर आहे. ग्रॅमी मिळालं त्याला, पुढच्या दोन अल्बमनासुद्धा मिळालं. माणूस तोच, नऊ वर्षांनी म्हातारा झालेला. आधीच्यांनी त्याला आपल्या मागनं ओढलं होतं, विंटर त्याच्या मागनं गेला, बाकी काय फरक होता सांग मला.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. रिमिक्सचं पीक आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीनं मला अरेंजर म्हणून बोलावलं, आणि मीच सुचवलं म्हणून आमच्या मामांना क्लॅरिनेटला. मामा म्हणजे लग्नाच्या बँडमधला माणूस, मला सुरांची ओळख त्यांनी करून दिली, माझ्या कीबोर्डवर आजही जे बरं वाजतं ते त्यांचं आहे. तिथं गेलो तर ट्रॅक आधीच तयार. मामांनी अख्खा अंतरा वाजवला, डोळे मिटून, शेवटचा सूर असा हलकेच खाली आणला की माझ्या अंगावर काटा आला. आणि काचेपलीकडचा तो साहेब म्हणतो, चार बार पुरे, लूप करतो, म्हाताऱ्याला चहा द्या. मी कीबोर्ड उचलला, मामांचा हात धरला आणि महालक्ष्मी एक्सप्रेसनं परत आलो. त्यानंतर त्या लाइनमधनं मला फोन आला नाही, फार शिष्ट म्हणून नाव झालं.

मामांचा मुलगा आजही भेटला की ऐकवतो, तुमच्या तत्त्वापायी बाबांचं नाव एका कॅसेटवर आलं नाही. म्हणू दे. चार बारच्या लूपवर नाव येऊन काय करायचं होतं, आणि नाव तरी टाकलं असतं का त्यांनी? मी आजही तेच करीन. मामा गाडीत एक शब्द बोलले नव्हते, सांगलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, ते रागानं का कशानं ते मी विचारलं नाही, पण त्यांना पटलं होतं असं माझं मत आहे. पुढं त्यांचे दात गेले आणि क्लॅरिनेट संपलं. दात गेल्यावर क्लॅरिनेट धरता येत नाही, हे तुला सांगायची गरज नाही. तात्यांची बोटं अजून चालतायत. म्हणून ओरडतोय तुझ्यावर.

बोटं पूर्वीसारखी नाहीत म्हणतीस. नसणारच! द्रुतमध्ये एखादी कळ सुटते, कबूल. म्हणून एडिट करून विशीतले तात्या बनवणार का? अगं तू कुठल्या गावात राहतीस? शाहू महाराजांनी ज्यांना कोल्हापूरच्या दरबारात ठेवलं त्या अल्लादिया खाँसाहेबांचा ऐन उमेदीत आवाज गेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्यांनी रडत न बसता त्या आवाजाला शोभेल अशी गायकी बांधली, त्यातनं जयपूर-अत्रौली घराणं उभं राहिलं, केसरबाई, मोगूबाई झाल्या. तिकडं अमेरिकेत जॉनी कॅश या जुन्या गायकाबरोबर रिक रुबिननं तेच केलं, हिपहॉप आणि मेटलचा प्रोड्यूसर, तीस वर्षांनी लहान, आणि 1994 च्या त्या अल्बममध्ये बँड नाही, ड्रम नाही, नुसता म्हाताऱ्याचा आवाज आणि गिटार. आवाजाला चिरा पडल्या होत्या तशाच ठेवल्या. तात्या आता सावकाश वाजवतात ना, मग सावकाश चाल बांध. दोन सुरांच्या मधली जागा त्यांना आता मिळालीय, मिरवणुकीत ती कधी मिळाली नव्हती, मागनं डॉल्बी ढकलत असायचा.

आता कामाचं. रेकॉर्डिंग तुझ्या खोलीत नको, शिवाजी पेठेत त्यांच्या माडीवर कर. खाली कुत्रं भुंकलं तर भुंकू दे. समोर हलगीवाला बसव, त्यांच्या जुन्या पार्टीतला कुणी असेल तर फारच उत्तम, माणसाला माणूस दिसला की लय आपोआप धरते. पिकअपची एक लाइन घे, एक माईक कळांवर, आणि तो जुना भोंगा अडगळीत असेल तर तो काढून त्याच्यापुढं एक. शंभरला सुरू होऊन एकशेवीसला संपतील, संपू दे. नंतर त्यांच्या वाजवण्यावरनं टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठं किती होती त्याचा नकाशा, काढ आणि तुझे बीट्स त्यावर बसव, कॉम्प्युटरला कंबर दुखत नाही, वाकू दे त्याला. सुराचंही तेच. त्यांचा बेंजो काळी एकच्या जरा वर लागतो म्हणून त्यांना तारा उतरवायला सांगितल्यास ना? कशासाठी? तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टर ट्यूनिंग आहे, सगळे सिंथ तेवढे सेंट (सुराचं बारीक माप) वर घे, मिनिटाचं काम. तू त्यांच्या मागनं जा, किती वेळा सांगू.

आणि जाताना हात हलवत जाऊ नको, पण "तात्या सॉरी" म्हणून रडारडही नको, त्यांना असलं आवडत नाही. नवीन तारांचा सेट घेऊन जा आणि "या बसवून द्या मला" म्हण. बसवतील, मग वाजवून बघतीलच, बघितल्याशिवाय राहवत नाही कुणाला. रेकॉर्डर आधीच चालू ठेव.

पैशाचंही आत्ताच ठरव, गाणं चाललं तर नंतर तोंडं फिरतात. 2012 च्या कायद्यातल्या दुरुस्तीपासून वाजवणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे, त्यामुळं "तात्यांना एकदा पाकीट दिलं की झालं" असलं कुणी शिकवलं तर ऐकू नको, अर्धा-अर्धा म्हणून कागदावर लिही आणि त्यांच्या सुनेला वाचून दाखव. आणि कव्हरचं जे डिझाइन पाठवलंयस, त्यात तुझं नाव मोठं आणि खाली बारीक "फीचरिंग तात्या". हार्ड अगेनच्या कव्हरवर मडी वॉटर्स एकटा आहे. ते बदल, मग लिंक पाठव, तोवर मी उघडणार नाही.

काका